प्राथमिक शिक्षकांची संख्या: पाच लाखांपासून पुढे

यू-डायसच्या (देशातल्या शाळांची माहिती गोळा करणारी केंद्र सरकारची यंत्रणा) २०२४-२५ च्या अहवालानुसार देशातल्या शिक्षकांची संख्या पहिल्यांदाच एक कोटीच्या पुढे गेली. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: एकशिक्षकी शाळा १,०४,१२५ आणि त्यांत शिकणारी मुले सुमारे ३३ लाख ७६ हजार. पहिल्या आकड्याची बातमी मोठी झाली, दुसऱ्याची तेवढी झाली नाही. एक कोटीत माध्यमिक-उच्च माध्यमिकचे शिक्षकही धरलेले आहेत. एकशिक्षकी शाळा मात्र बहुतांशी प्राथमिक. शिक्षक इतके वाढूनही लाखभर शाळांत एकच गुरुजी का, हे कळायला पंचाहत्तर वर्षे मागे जावे लागते.

१९५०-५१ मध्ये देशात प्राथमिक शिक्षक होते ५ लाख ३८ हजार. दर शंभर पुरुष शिक्षकांमागे बाई फक्त वीस. सावित्रीबाईंनी पुण्यात शिकवायला सुरुवात केल्याला तेव्हा शंभर वर्षे होऊन गेली होती. सरकारी आकडेवारीत दर शिक्षकामागे मुले दिसतात २४, म्हणजे आजच्या कायद्याला हवीत त्याहूनही कमी. पण त्यावरून तेव्हा शिक्षक पुरेसे होते असे समजणे चूक ठरेल. सहा ते अकरा वयोगटाच्या तुलनेत पटावरची मुले ४२.६ टक्के होती, मुली तर २४.८ टक्केच. वर्गात गर्दी नव्हती, कारण निम्म्याहून जास्त मुले शाळेच्या बाहेर होती.

संविधानाच्या ४५ व्या कलमाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते १९६० मध्ये गाठता आले नाही, पण शाळा वाढल्या. प्राथमिक शिक्षक १९६०-६१ मध्ये ७.४२ लाख, १९७०-७१ मध्ये १०.६० लाख, १९८०-८१ मध्ये १३.६३ लाख असे वाढत गेले. मुले त्याहून वेगाने आली. दर शिक्षकामागची मुले १९७०-७१ पर्यंत ३९ झाली आणि १९९०-९१ ला ४३. आपल्याकडे याच काळात, १ मे १९६२ ला, जिल्हा परिषदा सुरू झाल्या. स्कूल बोर्डाचे, व्हर्नाक्युलर फायनल (सातवीची परीक्षा) झालेले मास्तर जिल्हा परिषदेचे गुरुजी झाले. खेड्यातल्या प्राथमिक शिक्षकाची नेमणूक, बदली, पगार हे सगळे अजूनही त्याच चौकटीत चालते.

एकशिक्षकी शाळांवर पहिला मोठा इलाज १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून आला. पुढच्या वर्षी खडू-फळा योजना सुरू झाली: प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, शिकवण्याचे साहित्य आणि दोन शिक्षक, त्यांतली शक्यतो एक बाई. गावागावांत दुसरी नेमणूक म्हणून बाई आल्या त्या अनेक ठिकाणी याच योजनेतून.

मग पाचवा वेतन आयोग आला. नियमित शिक्षकाचा पगार वाढला आणि राज्यांनी कमी पैशांतले शिक्षक नेमायला सुरुवात केली. गुजरातेत विद्यासहायक, उत्तर प्रदेशात शिक्षामित्र, आपल्याकडे शिक्षणसेवक. शिक्षणसेवकाला सुरुवातीला महिना तीन हजार, आणि तीन वर्षे काढली की नियमित वेतनश्रेणी. लहान वस्त्यांसाठी काढलेल्या वस्तीशाळांवरच्या निमशिक्षकांना तेवढेही नव्हते. धनगरवाड्यांवर, पाड्यांवर त्यांनी एक हजार रुपये मानधनात वर्ग चालवले. २०००-०१ मध्ये देशात प्राथमिक शिक्षक १८.९६ लाख झाले होते. त्यानंतरची वाढ वाचताना त्यातले किती जण पूर्ण पगारावर होते, हे विचारल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत अन्यायाचा भाग आहे. काम तेच, मुले तीच, पगार मात्र चौथाई किंवा त्याहून कमी. उत्तर प्रदेशात सुमारे पावणेदोन लाख शिक्षामित्रांना कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरवला. आपल्याकडे शिक्षणसेवकाचे मानधन सहा हजारांवरून सोळा हजार व्हायला २०२३ उजाडले.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदला तीन, असे माप ठरले. चांगलेच झाले. पण संचमान्यतेच्या वेळी, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदे मंजूर होतात तेव्हा, हे माप कसे लागते ते कुठल्याही मुख्याध्यापकाला विचारा. पट एकसष्टचा साठ झाला, एक मूल इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसले, की तिसरे पद जाते. ते शिक्षक अतिरिक्त ठरतात आणि उरलेल्या दोघांना चार-पाच इयत्ता जोडवर्ग करून सांभाळाव्या लागतात. शिवाय पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचे काम असतेच. पट आणखी घसरत गेला की एकच उरतो.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत अनेक शाळांची पटसंख्या फुगवलेली निघाली आणि मे २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबवली गेली. पुढची अनेक वर्षे निवृत्त होणाऱ्यांच्या जागा रिकाम्या राहत गेल्या. डी.एड. करून बसलेली मुले-मुली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, देत राहिली, त्यांतल्या कित्येकांचे वय उलटले, आणि डी.एड.ची कॉलेजे एकामागून एक बंद पडली. २०१७ च्या डिसेंबरात भरतीसाठी अभियोग्यता चाचणी झाली, ऑनलाइन भरतीचे पवित्र पोर्टल आले, आणि प्रत्यक्ष नेमणुका हातात पडायला २०१९ उजाडले.

आता प्रश्न आधीपासून नोकरीत असलेल्यांचा आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, नाहीतर सेवा सोडावी. पाचपेक्षा कमी वर्षे उरलेल्यांना राहता येईल, पण बढती मिळणार नाही. ज्या शाळेत एकच गुरुजी आहेत आणि त्यांची नेमणूक टीईटीच्या आधीची आहे, तिथे त्यांच्या जागी कोण येणार, हे जिल्हा परिषदांना आत्ताच ठरवावे लागेल.