ल्युमेन आणि लक्स: बागेत दिवा बसवताना कुठला आकडा बघायचा?

दिव्याच्या खोक्यावर ल्युमेन छापलेले असतात, म्हणून खरेदी त्यावरच होते. बागेत फिरणाऱ्याच्या कामाचे मात्र लक्स.

दिव्यातून सगळीकडे मिळून जो प्रकाश बाहेर पडतो तो ल्युमेनमध्ये मोजतात. त्यातला वाटेवर किती पोचला, ते लक्स सांगतात. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. वॅट म्हणजे नुसती वीज किती खाल्ली, एवढंच.

समजा, बेळगावच्या टिळकवाडीतल्या एखाद्या बागेत वाट ३ मीटर रुंद आणि खांब २५ मीटरवर आहेत. म्हणजे प्रत्येक खांबाच्या वाट्याला ७५ चौरस मीटर वाट. तिथे ४० वॅटचा, ४००० ल्युमेनचा शोभेचा गोळा लावला. त्याचा बराच उजेड आभाळात आणि शेजारच्यांच्या खिडक्यांत जातो. वाटेवर पाव हिस्सा पडला, तर सरासरी साधारण १३ लक्स. आता २० वॅटचा, २००० ल्युमेनचा, वरून झाकलेला आणि खाली रोखलेला दिवा घ्या. त्याचा निम्मा उजेड वाटेवर आला, तरी तेच १३ लक्स. हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, बिलात त्या दिव्याची वीज निम्मी!

पण नुसत्या सरासरीवर समाधान मानू नये. खांबाखाली लख्ख आणि दोन खांबांच्या मध्ये काळोख, तरीही सरासरी छानच येते. लख्ख जागेतून पुढे गेलेल्या डोळ्यांना तो काळोख आणखीच दाट वाटतो. उखडलेली फरशी दिसत नाही, समोरून येणारा माणूस ओळखू येत नाही. एकट्या चालणाऱ्या बाईला भीती वाटते ती नेमकी इथे, आणि तिथे जास्त ल्युमेनचा दिवा लावून डोळे दिपवणं हा उपाय नव्हे. उजेड सारखा पसरायला हवा आणि चेहऱ्याच्या उंचीवरही पोचायला हवा. रंग ३००० केल्विनच्या आसपासचा, पिवळसर घ्यावा. निळसर पांढऱ्यावर किडे जास्त येतात.

खांब उंच केला की उजेड लांबवर पसरतो, पण उंची दुप्पट झाली तर तोच दिवा बरोबर खाली चौथाईच लक्स देतो. शिवाय उंच दिवा फांद्यांच्या वर गेला तर सावलीच पडते. म्हणून झाडांच्या बागेत ठेंगणे, जवळजवळचे खांब बरे.

ठेकेदाराकडून कोटेशन घेताना लक्सचा नकाशा, म्हणजे वाटेवर कुठे किती लक्स पडतील ते दाखवणारा आराखडा, मागा, आणि त्यात सर्वांत कमी लक्स कुठे आहेत ते आधी बघा. दिवे लागल्यावर रात्री त्याच जागी लक्समीटर धरा. मोबाईलवरचं ॲप अंदाजापुरतं चालतं. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. आपल्याकडे चार महिन्यांत फांद्या दिव्याच्या आड येतात.