हळद-कुंकू लागलेला क्यूआर

दसऱ्याच्या सकाळी दादर स्टेशनबाहेर भाजी घ्यायला गेलो होतो. आमच्या नेहमीच्या मावशींनी गाडीवरच्या सगळ्या हत्यारांची पूजा उरकली होती. लाल भोपळा चिरायचा कोयता, वजनकाटा, भाजीवर पाणी शिंपडायची भोकं पाडलेली बाटली आणि यूपीआयचं क्यूआर कार्ड, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. कार्डाला जरा जास्तच लागलं होतं. मधोमध कुंकवाचं ठसठशीत बोट, शेजारी हळद आणि खालचा एक कोपरा तर पावसाळ्यापासूनच भिजून सोललेला.

मी फोन काढला तशा मावशी म्हणाल्या, "त्याच्यावर मारू नका दादा, खराब झालाय तो. पोरगा म्हणतो, खराब कोडवर मारलं की पैसे दुसऱ्याच्याच खात्यात जातात. थांबा, पाठीमागं दुसरा आहे."

मी तोवर मारला होता. स्क्रीनवर मावशींचं नाव आलं, वीस रुपये गेले, स्पीकर बोलला.

हाच फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवरही येऊन गेलाय, शेवटी 'सर्वांना पाठवा' असं लिहिलेला. फॉरवर्डचा मला राग आहे, पण त्यामागची भीती खुळी नाही. फोन लावताना एक आकडा चुकला तर कॉल भलत्याच घरी लागतो, मग क्यूआरमधले दहा-बारा चौकोन कुंकवाखाली गेले तर पैसे भलतीकडे का जाऊ नयेत? प्रश्न चांगला आहे आणि त्याच्या उत्तरात इतकं देखणं गणित आहे, की लोक ते रोज खिशात घेऊन फिरतात आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं.

आधी थोडी ओळख. क्यूआर म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकोनांत लिहिलेला मजकूर, बस. काळा म्हणजे एक, पांढरा म्हणजे शून्य. जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा या अभियंत्यानं आणि त्याच्या छोट्या गटानं तो १९९४ साली तयार केला, मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरं मावायची, त्यामुळे एकेका खोक्यावर बारकोडची रांग लागायची आणि कामगार स्कॅन करून करून वैतागायचे. हारा जेवणाच्या सुट्टीत 'गो' हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ खेळायचा. उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी माहिती भरता येईल हे त्याला त्या पटावर सुचलं. सर्वांत लहान क्यूआर २१ बाय २१ चौकोनांचा असतो, सर्वांत मोठा १७७ बाय १७७ चा.

तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन ही फोनसाठीची खूण. त्यांच्या मध्यातून कुठल्याही दिशेनं रेघ ओढा, काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं यांचं प्रमाण १:१:३:१:१ असंच येतं. हे प्रमाण निवडण्यासाठी हाराच्या गटानं पत्रकं, मासिकं, पुठ्ठ्याची खोकी असं जे छापील सापडेल ते तपासलं आणि त्यात जे प्रमाण सर्वांत कमी आढळलं ते घेतलं. म्हणून कोथिंबीर, पावटे आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या पसाऱ्यातूनही फोनला क्यूआर चटकन दिसतो.

आता मुद्द्याचं. समजा मावशींना पोराला फोनवर सांगायचंय, मेथीच्या ३ जुड्या आण आणि कोथिंबिरीच्या ५. मागून लोकल धडधडत जातेय, एखादा आकडा चुकीचा ऐकू जाणार हे नक्की. काय करावं? दोनदा सांगावं? ३, ५, ३, ५. पोरानं ३, ५, २, ५ ऐकलं तर मेथी ३ की २, हे त्याला कळायला मार्ग नाही. तिसऱ्यांदा सांगावं लागेल. चालेल, पण उधळपट्टी आहे.

त्यापेक्षा शाळेतला आलेखाचा कागद घ्या. एकच्या वर ३ चा बिंदू, दोनच्या वर ५ चा. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, हे आपण सगळे शिकलोय. ती रेषा पट्टीनं पुढे वाढवा. तीनच्या वर ती ७ ला पोचते, चारच्या वर ९ ला. मावशी आता चार आकडे सांगतात: ३, ५, ७, ९. पोराला ऐकू येतं ३, ५, २, ९. तो चारही बिंदू कागदावर मांडतो. तीन बिंदू एका रेषेत, चौथा खाली लोंबतोय. म्हणजे चुकीचा कोण ते कळलं, आणि रेषेवर त्याची खरी जागा ७ आहे हेही कळलं. त्या लोंबणाऱ्या बिंदूतून आणि दुसऱ्या कुठल्याही एका बिंदूतून रेषा ओढून पाहा, त्यावर तिसरा बिंदू सापडत नाही. सरळ रेषा खोटं बोलणाऱ्याला असा वेगळा काढते.

इथे एक बारकावा आहे आणि मला तो फार आवडतो. मूळ आकडे दोन, जादा सांगितलेले ७ आणि ९ हे साक्षीदार दोन, दुरुस्त होते ती चूक मात्र एकच. एक साक्षीदार 'चूक कुठे झाली' हे सांगण्यात खर्च होतो, दुसरा 'तिथे खरं काय होतं' हे सांगण्यात. पण समजा लोकलच्या आवाजात तिसरा आकडा ऐकूच आला नाही आणि पोराला माहीत आहे की तो तिसराच होता. मग जागा शोधायचं काम उरत नाही आणि तेवढ्याच साक्षीदारांत दोन हरवलेले आकडे भरून निघतात. 'चुकीचं ऐकलं' यापेक्षा 'ऐकू आलं नाही' हे स्वस्तात सुटतं. घरातही हाच अनुभव येतो म्हणा.

दोनऐवजी तीन आकडे पाठवायचे असतील तर रेषेऐवजी परवलय, म्हणजे एकदा वळणारी वक्ररेषा. चार असतील तर आणखी एक वळण घेऊ शकणारी. जितके आकडे, तितकी वळणदार बहुपदी. आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांनी १९६० साली मांडलेली कल्पना ती हीच. व्हॉयेजर २ यानानं १९८६ मध्ये युरेनसचे फोटो पाठवले ते याच गणिताच्या आधारानं, आणि ओरखडे पडलेली गाण्याची सीडी न अडखळता वाजायची तीही याच्यामुळेच. क्यूआरमध्ये प्रत्यक्ष आकडेमोड थोड्या वेगळ्या वळणानं जाते, मर्म तेच.

एक अडचण उरते. वळणदार रेषा पुढे वाढवली की आकडे भराभर फुगतात, आणि क्यूआरमध्ये एक आकडा लिहायला आठ चौकोनांचा एक खाना असतो, त्यात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. तेव्हा घड्याळाचं गणित वापरायचं, अकरा वाजता निघून तीन तासांनी पोचलो तर दोन वाजले, तसं. पण बाराच्या घड्याळात ३ गुणिले ४ म्हणजे शून्य, आणि असं झालं की भागाकार बिघडतो. सातच्या घड्याळात, म्हणजे वारांच्या, ते होत नाही. तिथे ३ गुणिले ५ म्हणजे १५, दोन आठवडे वजा केले की १. त्यामुळे 'तीननं भाग' म्हणजे 'पाचनं गुण'. सात ही मूळ संख्या आहे म्हणून हे जमतं. २५६ मूळ संख्या नाही, ती दोनचा आठवा घात आहे. तिथे बेरीज अशी करावी लागते, की १ अधिक १ म्हणजे ०, जिन्यातला दिवा दोनदा दाबला की होता तसा होतो तशी. आणि गुणाकार केल्यावर २५५ च्या बाहेर गेलं तर एका ठरलेल्या आठव्या घाताच्या बहुपदीनं भागून बाकी घ्यायची. अशा बंदिस्त जगांचा पाया एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच पोरानं घातला. तो १८३२ मध्ये द्वंद्वयुद्धात गेला तेव्हा वीस वर्षांचा होता. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर जाऊ द्या. मलाही तिसऱ्या वाचनात कळला होता, आणि मावशींचा व्यवहार त्यावाचून अडत नाही.

आता परत कुंकवाकडे. एक खाना आठ चौकोनांचा आणि तो साधारण दोन बाय चारचा एकत्र असतो. डाग पडतो तेव्हा शेजारशेजारचे चौकोन जातात, म्हणजे बहुतेक एकाच खान्यातले. खान्यातला एक चौकोन बिघडला काय आणि आठही बिघडले काय, चूक एकच मोजली जाते. डागाच्या स्वभावाला हे गणित असं बेतलेलं आहे. शिवाय मोठ्या क्यूआरमध्ये मजकुराचे तुकडे करून त्यांचे खाने एकमेकांत विणतात, म्हणजे एका डागाचा भार एकाच तुकड्यावर पडत नाही. दुरुस्तीच्या चार पायऱ्या असतात. अंदाजे ७, १५, २५ आणि ३० टक्के खाने बिघडले तरी चालतील अशा. मधोमध दिमाखात छापलेले लोगो याच शिलकीवर जगतात. क्यूआरच्या लेखी लोगो हाही डागच.

घरी आल्यावर मी ३० टक्केवाला एक क्यूआर छापला आणि बायकोच्या टिकल्यांचं पाकीट मागून घेतलं. मधल्या भागात एकेक टिकली चिकटवत गेलो. पाकीट अर्धं झालं तरी फोन मजकूर वाचत होता. बायकोनं उरलेलं पाकीट काढून घेतलं. मग एकच मोठी टिकली उचलून वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनाच्या पोटात लावली आणि माझ्या फोननं हात टेकले. साक्षीदार मजकुराला वाचवतात, कोपऱ्यातल्या खुणांना त्यांचं संरक्षण नाही. क्यूआर कुठे आहे हेच सापडलं नाही तर वाचायचं काय? हळदीची गंमत वेगळी. फोन उजेड-अंधार पाहतो, रंग नाही. पांढऱ्या चौकोनावर हळद पडली तर त्याच्या लेखी ती पडलीच नाही, काळ्यावर जाड थर बसला तरच बिघाड. कुंकवाचं बरोबर उलटं.

तर मग पैसे भलत्याच खात्यात जातील का? नुकसान मर्यादेत असेल तर मजकूर अक्षर न अक्षर परत मिळतो. मर्यादेबाहेर गेलं तर बिंदू कुठल्याच वक्रावर बसत नाहीत आणि फोन नुसता टक लावून बघत राहतो. चुकीचाच वक्र योगायोगानं जुळावा, त्यातून निघालेला पत्ता कुणाचा तरी खरा असावा आणि स्क्रीनवर आलेलं परकं नाव तुम्ही न वाचता पिन टाकावा, एवढे सगळे योग जुळायला हवेत. असे योग जुळल्याचं सांगणारे लोक सहसा अंगठ्या विकतात. मावशींच्या गाडीवर शनिवारी नवं लिंबू-मिरची लागतं, त्याचा क्यूआरवर होणारा एकमेव सिद्ध परिणाम म्हणजे सावली.

ज्याची खरंच काळजी करावी ते या गणिताच्या हद्दीत येत नाही. खऱ्या क्यूआरवर कुणी आपला अख्खा क्यूआर चिकटवला तर सगळे बिंदू आपापल्या वक्रावर छान बसतात. रीड-सॉलोमनला अपघात कळतो, लबाडी कळत नाही. म्हणून पैसे देताना स्क्रीनवरचं नाव वाचायचं. आणि पैसे घेण्यासाठी कधीच काही स्कॅन करावं लागत नाही, पिनही लागत नाही. 'पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करा' म्हणणारा पैसे काढायलाच बसलेला असतो.

दुसरी गोष्ट मला त्या दिवशीच दिसली. मावशींचा क्यूआर मी साध्या स्कॅनरनं उघडला. आत कुलूपबंद काही नव्हतं. सुरुवातीला यूपीआय, मग 'पीए' म्हणजे पैसे घेणाऱ्याचा पत्ता, 'पीएन' म्हणजे नाव. आणि पत्त्याच्या जागी मावशींचा दहा आकडी मोबाईल नंबर, त्यापुढे बँकेची शेपटी. दादर स्टेशनबाहेरून रोज जाणाऱ्या कुणालाही तो मिळू शकतो. मी हे सांगितल्यावर मावशी गवारीच्या शेंगा निवडता निवडता थांबल्या. "तरीच," म्हणाल्या, "रात्री कोण कोण हाय-हाय पाठवत असतात. मला वाटायचं, रिचार्जवाल्यानं नंबर दिला."

पोराला बोलावून घेतलं. ॲपमध्ये नंबराऐवजी दुसरं नाव घेऊन यूपीआय आयडी बनवता येतो, तो त्यानं तिथेच उभ्या उभ्या बनवला. गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडून नवा क्यूआर छापून, लॅमिनेट करून आणला आणि जुन्या कार्डाचे कात्रीनं चार तुकडे केले. मी त्याला जाता जाता तीन कोपरे दाखवले आणि म्हटलं, इथे काही लावू नका, मधे काय हवं ते लावा.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गेलो तर नव्या कार्डावर कुंकू अगदी मधोमध होतं. झेंडूचं फूल मात्र वरच्या डाव्या कोपऱ्यावर ओघळलं होतं. मी ते बोटानं जरा बाजूला सरकवलं आणि दहाची मिरची घेतली.