कुत्र्यांना घरातल्या वस्तूंनी होणारी विषबाधा

पाळलेल्या कुत्र्याने घरातलं किंवा सोसायटीच्या आवारातलं काही खाल्लं, चाटलं आणि त्याने त्याला अपाय झाला की ती घरगुती विषबाधा. नाव ऐकून फिनेल, डांबरगोळ्या आठवतात, पण धोका नैवेद्याच्या ताटात पण असतो आणि तो आपणच लाडाने भरवतो. त्यात कुत्रा लगेच आजारी दिसेलच असं नाही, बरीच विषं एक-दोन दिवस गप्प बसतात आणि उपचार नेमका त्याच वेळात लागू पडतो, म्हणून "बघू, अजून तर खेळतोय" हे सगळ्यात वाईट.

मनुका-बेदाण्यांचंच बघा. गणपतीत ठाण्यात घरोघरी आरती झाली की खिरापत वाटतात, शिऱ्यात बेदाणे असतात, खाली सांडलेलं कुत्रं टिपतं आणि पोरं पण हळूच भरवतात. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याच्या किडन्या बंद पडू शकतात, सुरुवातीला उलट्या, मग एक ते तीन दिवसांत लघवी कमी. किती खाल्ल्यावर होईल ते प्रत्येक कुत्र्याचं वेगळं, त्यामुळे "दोनच खाल्ले" यावर विसंबू नका. २०२१ पासून टार्टारिक आम्लावर संशय आहे आणि ते चिंचेत भरपूर असतं, म्हणून चिंचेची चटणी पण लांबच ठेवा.

चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याला पटकन पचवता येत नाही. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे साधारण २० मिलिग्रॅम थिओब्रोमिनला उलट्या-जुलाब, ४० च्या वर हृदयाचे ठोके बिघडतात, ६० ला झटके. डार्कच्या एका ग्रॅममध्ये ५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे ३ किलोच्या पॉमेरियनला १२ ग्रॅम, दोन-तीन तुकडेच, उलट्या व्हायला पुरतात. कांदा-लसूण, शिजवलेला असो की पावडर, तांबड्या पेशी फोडतो आणि अशक्तपणा काही दिवसांनी दिसतो. शुगरफ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य, मात्र अजिबात थांबत नाही, अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर उतरते, कुत्रं लडखडतं.

औषधं तर आपल्याच हातून जातात. अंग गरम लागलं म्हणून क्रोसिन देऊ नका, पॅरासिटामॉलने लिव्हर आणि रक्त बिघडतं, आयब्युप्रोफेनने पोटात अल्सर होतात, किडनी जाते, आणि कॉम्बिफ्लाममध्ये तर दोन्ही असतात. गोचिडांचं अमित्राझचं औषध पण मोजून आणि पाण्यात मिसळूनच वापरायचं, अंग सुकेपर्यंत चाटू द्यायचं नाही.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते उंदराच्या औषधाकडे. पावसाळ्यात वाशी, कोपरखैरणे, घोडबंदरच्या सोसायट्यांत पेस्ट कंट्रोलवाला मीटर रूमच्या मागे, पार्किंगच्या कोपऱ्यात रंगीत वड्या ठेवून जातो आणि वॉकला निघालेलं कुत्रं वास घेत बरोबर तिथेच जातं. वडीत ब्रोमाडायोलोन असेल तर ते व्हिटॅमिन के चं काम थांबवतं, रक्त गोठत नाही, पण हे तीनेक दिवसांनी कळतं, तोवर हिरड्या पांढऱ्या, खोकला, नाकातून रक्त. यावर व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे, काही आठवडे द्यावा लागतो आणि वेळेत सुरू केला तर कुत्रं वाचतं. काळी पावडर म्हणजे झिंक फॉस्फाइड असेल तर पोटातल्या आम्लाने त्याचा फॉस्फिन वायू होतो, काही तासांतच झटके येऊ शकतात, उतारा नाही, आणि कुत्रं ओकलं तर खिडक्या उघडायच्या कारण तो वायू माणसालाही घातक.

घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, मिठाचीच विषबाधा होते. ॲसिड, रॉकेल पोटात गेलं असेल किंवा कुत्रं गुंगीत असेल तर उलटी मुळीच काढायची नाही. रॅपर, किती खाल्लं, किती वाजता, कुत्र्याचं वजन एवढं घेऊन जवळच्या डॉक्टरकडे निघा, पहिल्या दोनेक तासांत त्यांना पोट रिकामं करता येतं. परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहितीये पण रात्री घोडबंदरवरून तिथे पोचेपर्यंत हा वेळ निघून जातो, म्हणून रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना आधीच शोधून नंबर फ्रिजवर लावा. आणि सोसायटीत पेस्ट कंट्रोल होईल त्या दिवशी सेक्रेटरीकडून औषधाचं नाव आणि वड्या ठेवलेल्या जागा नोटीस बोर्डवर लिहून घ्या.