जंट्री घराण्यांचा वंशशोध व मालमत्ताशोध

इंग्लंडमध्ये उमरावांच्या खालोखाल असलेल्या, खंडाच्या उत्पन्नावर जगणाऱ्या जमीनदार वर्गाला जंट्री म्हणतात. अशा घराण्यातील लग्ने, संतती आणि जमीनजुमला कागदपत्रांवरून जुळवताना आडनावापेक्षा जमिनीचा माग काढणे भरवशाचे ठरते. जमीन लग्नाने किंवा मृत्युपत्राने दुसऱ्या घरात जाते आणि कित्येकदा आडनावही तिच्यामागोमाग बदलते.

हॅम्पशरमधील चॉटन आणि केंटमधील गॉडमर्शॅम येथील नाइट घराणे पाहावे. गॉडमर्शॅमचा टॉमस ब्रॉडनॅक्स एका वारशासाठी आडनाव बदलून १७२७ मध्ये ‘मे’ झाला आणि चॉटनच्या वारशासाठी १७३८ मध्ये ‘नाइट’. त्याचा मुलगा टॉमस निपुत्रिक होता. त्याने नात्यातल्या एडवर्ड ऑस्टिनला (कादंबरीकार जेन ऑस्टिनचा भाऊ) वारस नेमले आणि १८१२ मध्ये एडवर्डही नाइट झाला. मराठी वाचकाला हे दत्तकविधान वाटेल. पण इंग्लिश कायद्यात १९२६ पर्यंत दत्तकाची सोयच नव्हती. एडवर्डला जे मिळाले ते मृत्युपत्राच्या बळावर. तेही लगेच नाही: टॉमस १७९४ मध्ये वारला, मिळकतीवर त्याच्या विधवेचा हयातभर हक्क होता आणि १७९७ मध्ये तिने वर्षाला २,००० पौंड घेऊन तो सोडला. मृत्यूचे साल हेच ताब्याचे साल, असे धरून चालत नाही ते यामुळे. पुढे १८१४ मध्ये चॉटनच्याच हिंटन कुटुंबाने मिळकतीवर दावा लावला. तो मिटवायला एडवर्डला १५,००० पौंड मोजावे लागले. त्यासाठी त्याने जंगल तोडून लाकूड विकले.

शोध अलीकडून मागे न्यावा. सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ पासूनची. त्याआधी चर्चच्या नोंदवह्या, ज्या १५३८ पासून सुरू होतात, पण यादवी युद्धाच्या काळात (१६४२ नंतर) त्यांत भगदाडे आहेत. लग्न बहुधा वधूच्या गावी लागे, म्हणून वराच्या गावची वही चाळून हाती काही न लागणे नेहमीचेच. परवाना घेऊन लग्न करण्याची या वर्गात चाल होती. त्या परवान्याच्या अर्जात वय आणि राहण्याचे ठिकाण मिळते. एडवर्डच्या थोरल्या मुलाने तर १८२६ मध्ये पळून जाऊन, अशा लग्नांसाठी प्रसिद्ध असलेले स्कॉटलंडमधील ग्रेटना ग्रीन गाठून लग्न केले, आणि तेही सख्ख्या बहिणीच्या सावत्र मुलीशी.

तारखांनी भलेभले फसतात. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होई. लग्न मे १७०० आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७०० अशा नोंदी दिसल्या तर मूल लग्नाआधीचे नव्हे. तो फेब्रुवारी आजच्या हिशेबाने १७०१ चा. अशी तारीख १७००/०१ अशी लिहावी.

१८५८ पूर्वीची मृत्युपत्रे चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. एकाहून अधिक बिशपांच्या हद्दीत मालमत्ता असलेल्या दक्षिणेकडील श्रीमंतांची कँटरबरीच्या न्यायालयात. ती आता लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मृत्युपत्रात थोरल्या मुलाचे नाव नसले तर तो मेला किंवा बेदखल झाला असे समजू नये. जमीन बहुतेक वेळा त्याच्या आईबापांच्या विवाहकरारानेच त्याच्या नावे बांधलेली असे. खरा ऐवज हा करारच: त्यात विधवेची वार्षिक नेमणूक, धाकट्या मुलामुलींच्या रकमा आणि शेतांची नावे सापडतात. मुलगा नसेल आणि करार वा मृत्युपत्र आड येत नसेल तर मुलींना समान वाटे मिळत. मिळकतीचे तुकडे पडले की त्या पिढीत जावई शोधावेत.

जमीन हस्तांतराच्या ‘फाइन’ या न्यायालयीन दस्तांची एक प्रत ११९५ पासून न्यायालयात राही. त्यांतील एकर आणि रकमा ठोकळ असतात, मोजणी म्हणून वापरू नयेत. १५३० ते १६८८ दरम्यान हेराल्ड (घराण्यांच्या कुलचिन्हांची नोंद ठेवणाऱ्या) अधिकाऱ्यांनी फिरून नोंदलेल्या वंशावळी घरच्यांनीच सांगितलेल्या. सांगणाऱ्याच्या आजोबांपर्यंत ठीक, त्यापलीकडे दुसरा पुरावा हवा.

कागदही लग्नाबरोबर घर बदलतात. चॉटनचे दप्तर विंचेस्टरला हॅम्पशरच्या अभिलेखागारात आहे; पण एडवर्डची थोरली मुलगी फॅनी १८२० मध्ये नॅचबुल घराण्यात गेली आणि तिच्या रोजनिश्या सासरच्या कागदांत, केंटमधील मेडस्टोनला आहेत.