कुत्र्या-मांजरांच्या मांसव्यापाराविरुद्धची आंतरराष्ट्रीय मोहीम

कुत्री आणि मांजरे मांसासाठी पकडणे, चोरणे, पाळणे, कोंडून वाहून नेणे, कापणे आणि विकणे ही सगळी साखळी बंद व्हावी म्हणून अनेक देशांतल्या प्राणिमित्र संस्था, पशुवैद्य, आरोग्य खाती आणि साधी माणसे यांनी चालवलेली चळवळ. हा व्यापार प्रामुख्याने आशियातला: चीन, व्हिएतनाम, दक्षिण कोरिया, इंडोनेशिया, कंबोडिया, भारतात नागालँड आणि शेजारचा काही भाग. आशियात वर्षाला सुमारे ३ कोटी कुत्री मांसासाठी मारली जातात, असा चळवळीतल्या संस्थांचा अंदाज आहे. कोकण किनाऱ्यावर असा बाजार नाही. इथे दाराशी आलेल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकण्याची रीत आहे आणि घरोघरच्या दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत. मात्र विकणाऱ्याच्या पोटाची सोय लावल्याशिवाय विक्री थांबत नाही, हे या मोहिमेला फार उशिरा उमगलेले सत्य कोकणाने स्वतःच्या वाळूवर, वेगळ्या प्राण्याच्या बाबतीत, आधीच अनुभवले आहे. म्हणून ही नोंद कोकणाच्या नजरेतून लिहिली आहे.

व्यापाराचा सर्वांत वाईट भाग ताटात दिसत नाही, तो वाटेत असतो. दक्षिण कोरियात मांसासाठी कुत्र्यांची पैदास करणारे फार्म होते. व्हिएतनाम, इंडोनेशिया, चीन इथे मात्र बरीचशी जनावरे रस्त्यावरून आणि लोकांच्या अंगणातून उचललेली असतात. मोटारसायकलवरून येऊन फास टाकायचा किंवा विषारी आमिष द्यायचे, आणि दहा मिनिटांत गाव सोडायचे. व्हिएतनामच्या खेड्यांत अशा चोरांना जमावाने ठार मारल्याच्या घटना घडल्या आहेत. आपले कुत्रे गेल्याचा संताप तिथेही तितकाच असतो. पकडलेली जनावरे तारेच्या पिंजऱ्यांत एकावर एक कोंबून, अन्नपाण्याविना, कित्येकदा एका देशातून दुसऱ्या देशात नेली जातात. नागालँडच्या बाजारात ती तोंड दोरीने आवळून, फक्त डोके बाहेर ठेवून गोणपाटात शिवलेली असत. २०२० मध्ये अशी छायाचित्रे देशभर पसरली आणि पुढची बरीच चक्रे त्यांनी फिरवली.

आरोग्याचा मुद्दा याला जोडूनच येतो आणि मोहिमेचा तो सर्वांत भक्कम मुद्दा आहे. रेबीजने जगात दरवर्षी अंदाजे ५९ हजार माणसे दगावतात, त्यांतली सुमारे एक तृतीयांश भारतात. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते. चोर गावातली लस दिलेली, माणसाळलेली कुत्रीच आधी नेतो, कारण तीच जवळ येतात. त्यांच्या जागी बाहेरची, लस नसलेली कुत्री येतात आणि पशुवैद्यांची वर्षभराची मेहनत वाया जाते. शिवाय कुठून आली, आजारी होती का, याचा पत्ता नसलेली जनावरे जिल्ह्या-जिल्ह्यांतून फिरतात. कुत्रे कापताना, साफ करताना माणसाला रेबीज झाल्याची उदाहरणे व्हिएतनाममध्ये नोंदली गेली आहेत. त्या रोग्यांना कोणी चावलेले नव्हते.

खाणाऱ्यांकडे तुच्छतेने पाहण्याचे मात्र काही कारण नाही. कोरियात ‘बोकनाल’ म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या दिवसांत अंगात ताकद यावी म्हणून कुत्र्याच्या मांसाचे सूप पीत. उत्तर व्हिएतनाममध्ये चांद्रमासाच्या अखेरीस हे मांस खाल्ल्याने अपशकुन टळतो अशी समजूत आहे. कोंबडी-वडे आणि बांगड्याचे तिखले आवडीने खाणाऱ्या आपण ‘ते लोक रानटी’ म्हणणे अन्यायाचे होईल. चळवळीच्या सुरुवातीला पाश्चात्त्य देशांतून नेमके तेच झाले. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकच्या वेळी परदेशी टीकेमुळे सरकारने अशी हॉटेले मुख्य रस्त्यांवरून हटवली. खेळ संपल्यावर व्यवहार पूर्ववत सुरू झाला. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या सुमारास फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दो यांच्या विधानांनी कोरियन माणूस उलट चिडला आणि खाण्याचा हट्ट राष्ट्राभिमानाचा झाला. बाहेरून लाज काढून सवय मोडत नाही.

वारे फिरले ते त्या-त्या देशांतली माणसे पुढे आल्यावर. तैवानने १९९८ मध्ये प्राणिसंरक्षण कायदा केला, २००१ मध्ये विक्रीवर बंदी आणली आणि एप्रिल २०१७ मध्ये खाण्यावरही. आशियात खाण्यावर बंदी घालणारा तो पहिला. २०१३ मध्ये काही संस्थांनी ‘एशिया कॅनाइन प्रोटेक्शन अलायन्स’ हा गट स्थापून थायलंडमधून मेकाँग नदी ओलांडून व्हिएतनामकडे जाणारी कुत्र्यांची वाहतूक अडवण्यावर भर दिला. कंबोडियात सिएम रीप प्रांताने जुलै २०२० मध्ये बंदी केली. चीनमध्ये कोविडनंतर शेनझेन शहराने १ मे २०२० पासून कुत्रा-मांजर खाणे बेकायदा ठरवले, झुहाईने तेच केले, आणि त्याच महिन्यात कृषी मंत्रालयाने पशुधनाच्या यादीत कुत्र्याला जागा दिली नाही. तरीही युलिन शहरात २१ जूनच्या सुमारास भरणारा लिची आणि कुत्र्याच्या मांसाचा उत्सव थांबलेला नाही. व्हिएतनाममध्ये होई आन शहराने डिसेंबर २०२१ मध्ये ‘फोर पॉज’ या संस्थेशी करार करून हा व्यापार संपवण्याचे मान्य केले. इंडोनेशियातल्या तोमोहोनचा बाजार जिवंत जनावरांना लोकांसमोर मारण्यासाठी कुप्रसिद्ध होता. तिथली कुत्र्या-मांजरांची विक्री जुलै २०२३ मध्ये विक्रेत्यांच्याच संमतीने बंद झाली.

दक्षिण कोरियाची गोष्ट तपशिलाने पाहण्यासारखी आहे. ‘ह्यूमेन सोसायटी इंटरनॅशनल’ या संस्थेने (२०२५ पासून ‘ह्यूमेन वर्ल्ड फॉर ॲनिमल्स’) २०१५ पासून फार्ममालकांशी एकेक करून बोलणी केली: कुत्री आमच्या ताब्यात द्या, धंदा बदलायला आम्ही पैसे देऊ. बरेच मालक म्हातारे झाले होते, मुले त्या धंद्यात यायला तयार नव्हती आणि शेजारी नावे ठेवत होते. कोणी भाजीपाला लावला, कोणी दुसरा व्यवसाय धरला. सोंगनाम शहरातला मोठा कत्तलखाना २०१८ मध्ये पाडला गेला. बुसानचा गुपो बाजार २०१९ मध्ये बंद झाला. शहरांत घरात कुत्रे पाळणारी पिढी तोवर मोठी झाली होती. ९ जानेवारी २०२४ रोजी संसदेत २०८ विरुद्ध ० मतांनी कायदा मंजूर झाला. पैदास, कत्तल, वितरण आणि विक्री फेब्रुवारी २०२७ पासून गुन्हा ठरेल. कत्तलीसाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ कोटी वॉनपर्यंत दंड. खाणाऱ्याला शिक्षा नाही. सरकारने फार्मांची मोजणी केली तेव्हा सुमारे ४ लाख ६६ हजार कुत्री निघाली. मालकांना लवकर धंदा बंद केल्यास कुत्र्यामागे जास्त भरपाई, उशीर केल्यास कमी, असा हिशेब ठेवला आहे. इतक्या कुत्र्यांना पुढे घर कोण देणार, हा प्रश्न मात्र अजून खुला आहे.

मांजरांकडे या सगळ्यात कमी लक्ष गेले आहे. व्हिएतनामच्या थाय न्गुयेन प्रांतात मांजराचे मांस विकणाऱ्या एका हॉटेलात मांजरे बादलीतल्या पाण्यात बुडवून मारली जात. डिसेंबर २०२३ मध्ये मालकाने ते बंद केले, पिंजऱ्यातली उरलेली मांजरे ‘ह्यूमेन सोसायटी इंटरनॅशनल’च्या स्वाधीन केली आणि तिच्याच मदतीने किराणा मालाचे दुकान काढले. आपल्याला हे काम मनातून टोचत होते, असे त्याने सांगितले होते.

भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमांत मांसासाठी मान्य जनावरांमध्ये कुत्रा-मांजर नाहीत. मिझोरमने मार्च २०२० मध्ये कत्तलीच्या जनावरांच्या यादीतून कुत्रा वगळला. नागालँड मंत्रिमंडळाने जुलै २०२० मध्ये कुत्र्यांची आयात, बाजार आणि मांसविक्री बंद केली, पण कोहिमातल्या परवानाधारक विक्रेत्यांनी न्यायालय गाठले. गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा खंडपीठाने आधी स्थगिती दिली आणि जून २०२३ मध्ये आदेशच रद्द केला: बंदीचा हुकूम मुख्य सचिवांनी काढला होता, पण तसा अधिकार त्यांना नव्हता, आणि त्यामागे विधिमंडळाचा कायदाही नव्हता. ज्यांची उपजीविका जाणार होती त्यांच्याशी आधी बोलून, कोरियासारखी मुदत आणि भरपाई देऊन कायदा केला असता तर निकाल वेगळा लागण्याची शक्यता होती, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

उत्तर कोकणात, मुंबई बेटावर, कुत्र्यांसाठी लोक रस्त्यावर उतरण्याचा इतिहास जुना आहे. जून १८३२ मध्ये सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायांना ८ आणे मिळत. पारशी धर्मात कुत्र्याला मान असल्याने आधी पारशी समाज उठला, मग हिंदू, जैन आणि मुस्लिमही सामील झाले, बाजारपेठ बंद पडली आणि किल्ल्यातल्या इंग्रजांचा दाणापाणी अडला. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था निघाली, आणि १८८३ मध्ये परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. ते आजही सुरू आहे.

सुरुवातीला म्हटलेला वाळूवरचा अनुभव दक्षिणेकडे, मंडणगड तालुक्यातल्या वेळासचा. ऑलिव्ह रिडले कासवीण रात्री किनाऱ्यावर येऊन खड्ड्यात शंभरेक अंडी घालते. ही अंडी माणसे काढून खात, विकत. उरलेली अंडी कुत्री आणि कोल्हे उकरत. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, परिशिष्टात कासवाचे नाव असूनही हे चालू होते. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून गावातल्याच माणसांना कामाला घेतले. पहाटे पायांचे ठसे बघत किनारा फिरायचा, घरटे शोधायचे, अंडी जपून उचलून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुरायची, वर टोपली पालथी घालायची. दीड-दोन महिन्यांनी सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायचे. पिल्ले निघाली असतील तर पाण्यापासून थोडी दूर सोडायची, म्हणजे ती आपल्या पायांनी समुद्र गाठतात. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे घरोघरी राहू-जेवू लागले आणि अंड्यांपेक्षा पिल्लांवर जास्त पैसे मिळू लागले. थाय न्गुयेनमधल्या किराणा दुकानाचे तत्त्व तेच आहे.

कोकणातल्या कुत्र्या-मांजरांची स्थिती मात्र सुखाची नाही आणि ती झाकून परदेशी बाजारांवर बोट ठेवता येत नाही. नको असलेली मांजराची पिल्ले पिशवीत घालून मासळी बाजाराशी किंवा बंदरावर सोडून देणे सर्रास चालते. सोडणाऱ्याला वाटते, मासळीवर जगतील. लिलाव संपल्यावर टाकलेल्या मासळीवर थोडी जगतात, पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की बहुतेक मरतात. गोव्यात ‘मिशन रेबीज’ या संस्थेने २०१४ पासून सरकारबरोबर गावोगाव कुत्र्यांना लस दिली, शाळांतून मुलांना शिकवले, आणि २०२१ मध्ये गोवा देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झाले. गोव्याच्या सीमेवरच्या तेरेखोल नदीच्या अलीकडे सिंधुदुर्गात तेच करायला हवे. कुत्री सीमा पाहून फिरत नाहीत.

क्रूरता दिसल्यास पोलिसांकडे आणि जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे तक्रार करता येते. जनावर मारणे किंवा जायबंदी करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नृत्यांगना आणि राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पाठपुराव्यातून झालेल्या १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे. तो वाढवणारा दुरुस्तीचा मसुदा केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांच्या हरकतींसाठी खुला केला होता.