दातांमुळे मृत्यू : ४७०

१६३२ साली लंडनमध्ये ९,५३५ माणसं दगावली. कोण कशाने गेलं, त्याची छापील यादी आजही वाचायला मिळते. ताप, देवी, जलोदर ही नावं ओळखीची. पण 'टीथ', म्हणजे चक्क दात, यापुढे ४७० मृत्यू. 'प्लॅनेट', म्हणजे ग्रह, यापुढे १३. आणि 'रायझिंग ऑफ द लाइट्स'पुढे ९८. यातल्या 'लाइट्स'चा दिव्यांशी काही संबंध नाही. लाइट्स म्हणजे फुप्फुसं. वजनाला हलकी म्हणून हे नाव. माणूस घुसमटू लागला की फुप्फुसं वर घशाकडे चढली, असं लोक समजत.

ही नावं डॉक्टरांनी दिलेली नव्हती. कुणी गेलं की चर्चच्या परगण्यातर्फे 'सर्चर' म्हणून नेमलेल्या बायका घरी येत. बहुतेक वयस्क, गरीब. प्रेत पाहायचं, घरच्यांना विचारायचं आणि कारकुनाला कारण सांगायचं. त्यामुळे यादीत रोग कमी आणि डोळ्यांना दिसलेलं जास्त. दात येण्याच्या वयात मूल गेलं की कारण दात. आपल्याकडेही 'दात येताहेत, जुलाब व्हायचेच' असं म्हणून बाळाचं दुखणं अंगावर काढणारी घरं आहेत. खरं तर त्याच वयात वरचं अन्न सुरू होतं, रांगतं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं आणि जंतू पोटात जातात. धडधाकट माणूस एकाएकी कोसळला तर त्याला ग्रहाचा फटका बसला म्हणत. आपण 'अंगावरून वारं गेलं' म्हणतो, तसंच.

'किंग्ज ईव्हिल' हे त्यातलं सर्वांत नवलाचं नाव. ही आपली गंडमाळ, मानेतल्या गाठी. राजाने हात लावला की ती बरी होते, अशी श्रद्धा होती आणि दुसऱ्या चार्ल्सने हजारो रोग्यांना हात लावला. पुढे कोशकार म्हणून गाजलेल्या सॅम्युअल जॉन्सनला लहानपणी, १७१२ साली, याच कारणासाठी राणी ॲनपुढे नेलं होतं. त्याला गुण आला नाही. काहींना येतही असे, कारण या गाठी कधीकधी आपसूक बसतात. श्रेय मात्र राजाच्या खात्यावर. १६३२च्या यादीत किंग्ज ईव्हिलचे ३८ बळी आहेत आणि 'कन्झम्प्शन'चे, म्हणजे क्षयाचे, १,७९७. दोन्ही दुखणी एकाच घराण्यातल्या जिवाणूंची, हे कळायला रॉबर्ट कॉखचं १८८२ सालचं संशोधन यावं लागलं.

अशा कच्च्या माहितीतून काय निघणार, असं कुणालाही वाटेल. कापडाच्या धंद्यातल्या जॉन ग्राँटला तसं वाटलं नाही. अनेक वर्षांच्या याद्या जुळवून त्याने १६६२ साली पुस्तक काढलं. मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात, लंडनमध्ये जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होतात, प्लेगचे बळी नोंदींपेक्षा बरेच जास्त असावेत, हे सगळं त्याने त्यातून काढलं. मुडदुसाचं नाव यादीत पहिल्यांदा १६३४ साली आलं, हेही त्याने टिपलं. सर्चर बायकांवर त्याचा भाबडा विश्वास नव्हता. एक पेला बिअर आणि ठरल्याच्या दुप्पट पैसे मिळाले की त्यांना गुप्तरोगाने खंगलेला माणूस ओळखू येत नाही, असं त्याने लिहून ठेवलंय. माझ्या मते ग्राँटचं मोठेपण इथेच आहे: नोंद कुठे खोटी असेल आणि का, हे ओळखून त्याने आकडे वापरले.

नावांचा हा गोंधळ एकोणिसाव्या शतकापर्यंत चालला. एकाच रोगाला तीन-चार नावं आणि एकच नाव तितक्याच रोगांना, अशी तक्रार इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयातल्या विल्यम फारने केली. १८९३ साली जाक बर्तियाँने मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. तिचीच वाढत गेलेली अकरावी आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेने २०२२पासून लागू केली आहे.

आपल्या रुग्णालयांत मृत्यूचं वैद्यकीय कारण नमुना ४ वर लिहितात. माणूस शेवटी कसा गेला ते नको, कुठल्या आजाराने किंवा इजेने गेला ते लिहा, अशी सूचना त्यावर असते. नको असलेल्या उत्तराचं उदाहरण म्हणून 'हार्ट फेल्युअर' हे शब्दच दिलेले असतात. निधनवार्तांमध्ये मात्र 'हृदयक्रिया बंद पडून' अजून चालतं.