‘पिशवी काढली’ म्हणजे नेमकं काय काढलं?

फायब्रॉइड असो, अंगावरून जास्त जात असो की गर्भाशयमुखाचा कॅन्सर, घरात सांगायचं वाक्य एकच: “पिशवी काढली.” मग भेटायला आलेली शेजारीण म्हणते, “माझ्या जावेचीही काढली, चौथ्या दिवशी घरी आली.” आणि इकडे पेशंट दहा दिवस झाले तरी लघवीची नळी लावून बसलेली. दोघींची ऑपरेशनं मुळात वेगळी आहेत.

साध्या हिस्टरेक्टॉमीत, म्हणजे पिशवी काढण्याच्या नेहमीच्या ऑपरेशनात, गर्भाशय आणि त्याचं मुख निघतं. सर्जन मुखाला अगदी लागून कापत जातो. रॅडिकल हिस्टरेक्टॉमीतही गर्भाशय तेवढंच निघतं. वाढतो तो घेर. मुखाच्या दोन्ही अंगांना चरबी, तंतू आणि रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, त्याला पॅरामेट्रियम म्हणतात. ते आणि योनीचा वरचा थोडा भागही काढतात, कारण मुखातला कॅन्सर सरकतो तो या बाजूंना.

मेख इथेच आहे. मूत्रपिंडाकडून येणारी मूत्रवाहिनी याच जाळ्यातून, गर्भाशयाच्या धमनीखालून जाते. मेडिकलची मुलं हे ‘पुलाखालचं पाणी’ म्हणून पाठ करतात. साध्या ऑपरेशनात सर्जन पुलाच्या अलीकडेच थांबतो. रॅडिकलमध्ये पूल तोडून मूत्रवाहिनी मोकळी करावी लागते. मूत्राशयाच्या नसाही इथूनच जातात. त्या दुखावल्या की लघवी भरल्याचं कळत नाही, कळलं तरी पूर्ण होत नाही. म्हणून ती नळी. नळी काढल्यावर बाई लघवी करून आली की आत किती उरली ते मोजतात. बऱ्याच ठिकाणी १०० मिलीच्या आत असेल तर सुटका, नाहीतर नळी पुन्हा. याचा अर्थ ऑपरेशन बिघडलं असा नव्हे.

‘रॅडिकल’ म्हटलं की अंडाशयही गेले, असंही बरेचजण धरून चालतात. तसं नाही. तरुण बाईचे अंडाशय अनेकदा ठेवता येतात. उलट साध्या ऑपरेशनातही ते काढलेले असू शकतात. डिस्चार्ज कार्डवर ‘बीएसओ’ दिसलं तर दोन्ही बाजूंच्या गर्भनलिका आणि अंडाशय काढले आहेत.

मुखाच्या कॅन्सरमध्ये कुणाला कुठलं, हे गाठीच्या मापावर ठरतं. कॅन्सर ३ मिलिमीटरपेक्षा खोल गेलेला नसेल आणि सूक्ष्म वाहिन्यांत शिरलेला नसेल तर साधं ऑपरेशन पुरतं. मूल हवं असेल तर मुखाचा शंकूसारखा तुकडा काढूनही भागू शकतं. ४ सेंटीमीटरच्या वर गाठ गेली की बहुतेकदा ऑपरेशनऐवजी रेडिएशन आणि केमो. वाद होता तो मधल्या छोट्या गाठींचा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शेप’ चाचणीत ७०० बायका होत्या, गाठ २ सेंटीमीटरपर्यंत आणि फार खोल न गेलेली. तीन वर्षांत ओटीपोटात रोग उलटण्याचं प्रमाण रॅडिकलनंतर २.१७ टक्के, साध्यानंतर २.५२ टक्के, लघवीचे त्रास मात्र साध्या गटात कमी. पण या ‘साध्या’ ऑपरेशनातही लिम्फ नोड, म्हणजे लसिकाग्रंथी, तपासले होते. शेजारणीच्या जावेचं ते हे नव्हे.

“दुर्बिणीतून करून घ्या” हा सल्ला पोटावरच्या छेदाबद्दलचा आहे, आतल्या घेराबद्दलचा नाही. रॅडिकलही दुर्बिणीतून होतं. त्याची एक पद्धत तर जगभर ‘पुणे टेक्निक’ म्हणून ओळखली जाते. तरी २०१८ च्या ‘लॅक’ चाचणीत, साडेचार वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचं प्रमाण दुर्बीण किंवा रोबोटच्या गटात ८६ टक्के निघालं, पोट उघडून केलेल्यांत ९६.५. तेव्हापासून बऱ्याच सर्जननी पुन्हा मोठा छेद पत्करला.

सगळ्यात अवघड केस वेगळीच. अंगावरून जातं म्हणून मुखाच्या पेशी तपासणारी पॅप टेस्ट न करताच साधी पिशवी काढतात आणि आठवड्यानं पॅथॉलॉजीचा रिपोर्ट कॅन्सर सांगतो. गाठ अगदी बारीक निघाली तर ठीक. नाहीतर पिशवी नसलेल्या ओटीपोटात राहिलेलं पॅरामेट्रियम शोधत पुन्हा शिरायचं, किंवा रेडिएशन घ्यायचं.